अर्ध्या कोयत्याचा हिशेब

वाचकांचे प्रश्न : उत्तरं एका निवृत्त नायब तहसीलदार बाईंची

या खेपेला पत्रांचा गठ्ठा उघडला आणि चार पत्रं एकाच दावणीला बांधल्यासारखी निघाली. चौघांचीही विचारणा एकच : नवरा-बायको दोघं असलेल्या घराला सरकार काय देतं, एकट्या माणसाला काय देतं, आणि यात न्याय कुठं आहे. मी नोकरीची शेवटची सहा वर्षं ‘संजय गांधी निराधार’ योजनेच्या टेबलावर काढली. त्यामुळे संपादकांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला तेव्हा नाही म्हणायला जागाच नव्हती.

प्रश्न : मॅडम, मी बीड जिल्ह्यातली. मालक वारून चार वर्षं झाली, काविळीनं गेले. मुलगी नववीला, मुलगा पाचवीला. मला निराधारचा पगार पंधराशे येतो. जाऊ शेजारच्याच खोलीत राहते. तिला लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात. दीर आणि ती दर साल कारखान्याला ऊस तोडायला जातात, पूर्ण कोयता. मालक होते तोवर मीही जायची. ते गेल्यावर एक साल भावाबरोबर अर्धा कोयता म्हणून गेले, पण मुलगी वयात आली, तिला कुणापाशी ठेवायचं म्हणून सोडलं. आता गावातच खुरपायला जाते. मीही लाडकीचा फॉर्म भरला होता. काही हप्ते आले आणि बंद झाले. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, तुम्हाला एक चालू आहे, दुसरं मिळत नाही. जावेला नवरा आहे तरी पंधराशे, मला नाही तरी पंधराशे. मग नवरा नसल्याचे पैसे मला मिळतात कुठं? आणि निराधार सोडून लाडकीत जावं का? (नाव छापू नये.)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तुम्ही उद्या उठून काही लिहून देणार नाही. निराधार सोडू नका. लाडकी बहीण वयाच्या ६५व्या वर्षी थांबते. निराधारचं माणूस ६५ झालं की श्रावणबाळ योजनेत जातं आणि पगार पुढे चालू राहतो. शिवाय जुनी योजना लवकर मरत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची, अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची. त्यानंतर किती सरकारं आली आणि गेली, पण ती बंद करायची हिंमत कुणाला झाली नाही. लाडकीचे जे हप्ते तुमच्या खात्यावर आले ते परत मागणार नाही, असं सरकारने सांगितलेलं आहे. तेवढी धास्ती मनातून काढा.

आता खरा प्रश्न. ‘नवरा नसल्याचे पैसे मला मिळतात कुठं?’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. इतकी वर्षं शासन निर्णय वाचले, इतक्या नेमक्या शब्दांत कुणी विचारलं नव्हतं. उत्तर असं की, मिळत नाहीत.

कागदावर हे कसं घडतं ते पाहा. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४चा. घराचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा सगळ्यांना एकच रक्कम, महिना १५००. त्यातच एक ओळ आहे की दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती बाई अपात्र. जुलै २०२३ मध्ये निराधारचा पगार हजारावरून वाढवून बरोबर १५०० केला होता. म्हणजे वाढ मिळाली, आणि वर्षभरात त्याच वाढीने तुम्हाला नव्या दारातून बाहेर काढलं.

तुमची अट तर जावेच्या अटीपेक्षा कितीतरी कडक. निराधारला घरचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. महिन्याचे १७५० झाले. जावेच्या घराने अडीच लाख कमावले तरी चालतं, तुम्ही बावीस हजार कमावले तर चालत नाही, आणि दोघींच्या खात्यात पडतात ते सारखेच. हे २१ हजार कधीचे आहेत ते विचारू नका. मी टेबलावर बसले तेव्हाही होते आणि उठले तेव्हाही होते. रोजगार हमीवर २०२५-२६ मध्ये राज्याचा दर रोज ३१२ रुपये होता. केंद्र सरकारने तेव्हा वर्षाला शंभर दिवस कामाची हमी दिलेली. शंभर दिवस गेलात तर झाले ३१,२००. म्हणजे एका सरकारी हमीवर पूर्ण विसंबलात की दुसऱ्या सरकारी यादीतून नाव उडालं. निराधार राहायचं असेल तर बाईने सदुसष्टाव्या दिवशी कुदळ खाली ठेवून घरी जायचं, असा हा हिशेब!

प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. २०१४च्या सुमारास माझ्यापुढे एका विधवा बाईचा अर्ज आला. दाखल्यावर उत्पन्न चोवीस हजार. तीन हजार जास्त. मी ‘अपात्र’ असा शेरा मारून सही केली. नियम नियमच. महिन्याभराने तीच बाई, तेच लुगडं, नवा दाखला : वीस हजार. मी तिच्याकडे पाहिलं, तिने खिडकीच्या गजाकडे पाहिलं. मी पुन्हा सही केली, या वेळी दुसऱ्या रकान्यात. मध्ये कुणी किती खोटं बोललं ते मी विचारलं नाही. पण त्या दिवशीपासून मला २१ हजारांच्या दाखल्यांचा गठ्ठा वाचवेना. सगळा तालुका जणू एकाच पगारावर कामाला होता.

कोयत्याचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण शहरातल्या वाचकांना ते ठाऊक नसतं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. नवरा तोडतो, बायको उसाचा पाला साळते, मोळी बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. जोडी दिवसाला दीड-दोन टन काढते. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला कुणीतरी दुसरा अर्धा शोधावा लागतो : भाऊ, मुलगा, नाहीतर दुसरी एकटी बाई. फडातल्या अडाणी मुकादमालाही कळतं की एकटीची कमाई अर्ध्याहून कमी पडते, कारण तिचं लेकरू फडात रडत असेल तर ते घ्यायला दुसरं कुणी नसतं. म्हणून तो तिला अर्धी उचल द्यायलाही कां-कूं करतो. सरकार मात्र अर्ध्या कोयत्याला आणि पूर्ण कोयत्याला एकाच काट्यावर तोलतं आणि याला समानता म्हणतं.

म्हणून जावेचे पैसे काढून घ्या असं मी म्हणणार नाही. ते पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या खात्यात पडलेत, दिराच्या खिशातून मागावे लागत नाहीत, ही लहान गोष्ट नव्हे. तुमच्या दोघींत भांडण लावून सरकारला मोकळं सोडायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की निराधारच्या बायकांना त्या ‘दुसरी योजना’ अटीतून वगळावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी अपात्र ठरवलेल्या पाच लाख बहिणींचा तपशील दिला होता, त्यात संजय गांधी निराधारच्या लाभार्थी २ लाख ३० हजार होत्या. त्या सगळ्यांना वर्षभर १५०० दिले तर ४१४ कोटी होतात. ज्यांनी अर्जच केला नाही त्या वेगळ्या. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीसाठी ३६ हजार कोटी ठेवले होते. शंभर रुपयांत सव्वा रुपयासुद्धा होत नाही. निवडणुकीत पंधराशेचे एकवीसशे करू म्हणून सांगितलं होतं. ते सहाशे सगळ्यांना देण्याआधी हा सव्वा रुपया द्या, असं मी तरी म्हणेन.

आणखी एक खुपतं. निराधारचा पगार हजार होता तेव्हा एक मूल असलेल्या विधवेला ११०० आणि दोन मुलं असलेलीला १२०० मिळायचे. शंभराने काय होतं, असं तेव्हा आम्हीच टेबलावर हसायचो. पण त्या शंभरात सरकारने तुमचं लेकरू पाहिलं होतं. १५०० सरसकट झाले आणि लेकरं हिशेबातून गेली. त्याच सुमारास, २०२३ मध्ये, विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा एक प्रस्ताव निघाला होता. टीका झाली आणि बारगळला. नाव बदलायला एक कागद पुरतो.

लेकरांचे पैसे आता दुसऱ्या खिडकीवर आहेत, आणि तिथं तुम्ही गेलेल्या दिसत नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक वारलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत महिना २२५०. तुमची दोन्ही मुलं मंजूर झाली तर ४५००, तुमच्या पगाराच्या तिप्पट. हे मुलाचं अनुदान, तुमचा पगार वेगळा. ही तहसीलला मिळत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं ऑफिस असतं, त्यांच्याकडे जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथं अर्ज द्यायचा. आदेश बालकल्याण समिती काढते. मालकांचा मृत्यूचा दाखला, मुलांचे आधार, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि घरासमोर मुलांबरोबर उभं राहून काढलेला फोटो घेऊन जा. पैसे दर महिन्याला येतील अशी आशा ठेवू नका. येतात तेव्हा काही महिन्यांचे एकदम येतात. त्यावर किराणा उधार घेऊ नका, शाळेची फी, सायकल असल्या गोष्टींना ठेवा.

दोन कामं तहसीलची. रेशन कार्ड सासूच्या किंवा दिराच्या कार्डातून वेगळं करून घ्या. कार्ड एकत्र असलं की दाखल्यावर दिराची उचलही तुमच्या नावावर मोजली जायची भीती. आणि मालकांच्या वाट्याच्या जमिनीवर वारस म्हणून तुमचं आणि मुलांचं नाव लागलं का? २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावतात. दीर कितीही चांगला असो, नाव लावून घ्या. चांगल्या दिराला त्याचा राग येत नाही.

प्रश्न : ताई, आमच्या गल्लीत एक विधवा बाई राहते. तिला मुलांचे पैसे सुरू झाले, निराधारचाही पगार आहे, अंत्योदयचं ३५ किलो धान्य आहे. मला फक्त लाडकीचे पंधराशे. माझा नवरा सेंट्रिंगचं काम करतो, जे मिळतं ते दारूत घालतो. तीन मुलं मी धुणीभांडी करून सांभाळते. नवरा आहे म्हणून कुठंच बसत नाही. मग मी काय, नवरा मेला असं लिहून देऊ? तुम्ही लोक एकट्या बाईचं कौतुक करता, आमचं कोण बघणार? (लातूर)

उत्तर : तुमच्या पत्राने मला झोंबलं, आणि बरोबर झोंबलं. वरचं उत्तर लिहिताना मी दिराला पूर्ण माणूस धरला. तो रोज फडात जातो म्हणून. तुमचा नवरा कागदावर पूर्ण आहे आणि घरात उणे आहे, त्याच्या दारूचे पैसेही तुम्हीच कमावता. सरकारी फॉर्मात याला रकाना नाही. ‘विवाहित’ हा शब्द लिहिला की फॉर्म समाधानी होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकीची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा हे उघडं पडलं. पोर्टलवर बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, ओटीपी त्याच्या फोनवर. ज्या बाईला नवऱ्याने टाकून दिलं, तिने त्याच नवऱ्याला फोन करून ‘जरा आकडा सांगता का’ म्हणायचं! विधवांची तर वेगळीच पंचाईत. नवरा आणि वडील दोघं नसलेल्यांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी सोय मागाहून झाली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढली. पण मुळात ज्याने फॉर्म रचला त्याच्या डोक्यात बाईमागे एक पुरुष उभाच होता.

शेजारणीबद्दल एक सांगते. तिला पैसे मिळाले म्हणून तुमचे कमी झाले नाहीत. तुम्हाला राग यायला हवा तो दुसऱ्या गोष्टीचा : गरीब घरातल्या मुलाला, आई-बाप दोघं असले तर, आपल्याकडे महिन्याचा रोख पैसा जवळजवळ मिळतच नाही. मूल बापाविना झालं की ते सरकारला दिसतं, त्याआधी नाही. माझ्या मते पैसे मुलामागे असावेत, आई-बापाच्या लग्नामागे नव्हे, आणि एकट्या पालकाला त्यावर जादा. तसं आज नाही, म्हणून जे आहे ते सांगते.

बालसंगोपन योजना फक्त मेलेल्यांच्या मुलांसाठी नाही. घटस्फोट, विभक्त राहणं, टाकून देणं, गंभीर आजार, अशा कारणांनी घर मोडून एकाच पालकाकडे आलेली मुलंही त्यात बसतात. तुम्ही एकाच घरात राहता तोवर अवघड आहे, खोटी आशा लावत नाही. पण वेगळं राहायचा विचार असेल तर ते आधी कागदावर आणा. पोटगीचा अर्ज करायला घटस्फोट लागत नाही. पूर्वीचं कलम १२५, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४. सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून अर्ज लवकर द्या, निकाल कधीही लागो. वकिलाची फी द्यायची नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, बाईला उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. दारूड्या सेंट्रिंगवाल्याकडून वसूल काय होणार, असं तुम्ही म्हणाल. कदाचित काहीच नाही. पण ‘हा माणूस घर चालवत नाही’ हे एकदा कोर्टाच्या शिक्क्याने कागदावर आलं, की पुढच्या प्रत्येक खिडकीवर तोच कागद कामाला येतो. मी त्या खिडकीच्या आत बसलेली बाई आहे, मला विचारा.

नवरा मेला असं मात्र लिहून देऊ नका. मी एक प्रकरण पाहिलंय, तो ‘मयत’ स्वतः अर्जाची चौकशी करायला ऑफिसात आला होता.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते. घटस्फोटित, एक मुलगा, पोटगी घेत नाही. पगार वर्षाला १५ लाख, एकटीचा. शेजारच्या फ्लॅटमधलं जोडपं प्रत्येकी साडेसात लाख कमावतं. घर म्हणून दोघांची कमाई माझ्याएवढीच. मला जवळजवळ लाखभर कर, त्यांना शून्य. शिवाय त्यांच्यापैकी एकजण मुलीला शाळेतून आणतो, मी त्यासाठी बाई ठेवली आहे. हा कसला न्याय?

उत्तर : तुमचा आकडा मी तपासला. नव्या करपद्धतीत, २०२५-२६साठी, १५ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १४ लाख २५ हजार उरतात. त्यावर ९३,७५० आणि उपकर धरून ९७,५००. शेजाऱ्यांचं प्रत्येकाचं उत्पन्न १२ लाखांच्या आत, म्हणून सवलत लागून शून्य. आपला प्राप्तिकर माणूस मोजतो, घर मोजत नाही. बाईच्या बाजूने हे चांगलं आहे, तिची कमाई नवऱ्याच्या कमाईत विरघळत नाही. पण मूल सांभाळणारं एकटं माणूस त्यात कुठंच दिसत नाही. सनदी लेखापालांच्या संस्थेने जोडप्याला एकत्र विवरणपत्र भरू द्यावं असं सुचवलं होतं. तसं झालं तर एकट्या कमावत्याच्या जोडप्याला सुटका मिळेल, तुम्हाला नाही.

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते. तिकडे मुलामागे भत्ता मिळतो, पण एका पालकाची कमाई ६० हजार पौंडांपुढे गेली की तो परत घ्यायला लागतात आणि ८० हजारांना सगळा जातो. दोघं प्रत्येकी साठ-साठ कमावत असतील तर मात्र पूर्ण भत्ता. तेव्हा हा वेडेपणा आपल्याच वाट्याचा नाही.

तक्रार खरी आहे. पण रागावू नका, माझ्या रांगेत तुमचा नंबर पहिल्या पत्रातल्या बाईच्या बराच मागे लागेल.

प्रश्न : माझी पत्नी बाळंतपणात गेली. दोन मुली आहेत, सात वर्षांची आणि दीड वर्षाची. मी गवंडीकाम करतो. धाकटीमुळे महिन्यातले दहा-बारा दिवस कामावर जाता येत नाही. निराधारच्या ऑफिसात गेलो तर म्हणाले पुरुषाला नाही. लाडकी बहीण आहे, लाडका भाऊ नाही का? (सोलापूर)

उत्तर : दादा, वाईट वाटलं वाचून.

लाडक्या बहिणीच्या यादीत पुरुष नव्हतेच असं नाही. चौदा हजारांवर पुरुषांच्या खात्यात ते पैसे गेल्याची बातमी २०२५ मध्ये आली होती. पण त्यात मुली सांभाळणारे बाप होते की नुसते चलाख, हे कुणी विचारलं नसावं. तुम्हाला ऑफिसात सांगितलं ते नियमाला धरून आहे. निराधार योजनेत पुरुष अपंगत्वाने किंवा दुर्धर आजाराने बसतो, बायको वारली म्हणून बसत नाही. योजना आखणाऱ्यांनी धरलं की पुरुष बायको गेल्यावरही कमावतो आणि वर्षभरात दुसरी करतो. पुष्कळ करतातही. जो करत नाही, दीड वर्षाच्या पोरीला कडेवर घेऊन बसतो, तो फॉर्म लिहिताना कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता. सरकारी नोकरीत असता तर निदान रजा मिळाली असती. राज्याच्या कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा २०१८ पासून आहे आणि पत्नी हयात नसलेल्या पुरुषालाही ती मिळते. गवंड्याला रजा कोण देणार?

तुमच्यासाठी खिडकी तीच, वर सांगितलेली. बालसंगोपन. तिथं मुलाचा एक पालक गेलेला असणं पुरे, आई की बाप हे बघत नाहीत. दोन मुलींचे मिळून ४५०० होतील. मंजूर झाले तर धाकटीला सांभाळायला शेजारची कुणी मावशी ठेवता येईल आणि तुमचे दहा-बारा खाडे वाचतील. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे महिना ४००० असतात, खेड्यात वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत, शहरात ९६ हजारांच्या आत. एकाच मुलाला दोन्हीकडून घेता येईल असं धरून चालू नका. बाल संरक्षण कक्षात दोन्हींची नावं घेऊन विचारा, ते जे बसेल ते भरून घेतील. पत्नी घरात कमावती होती, वय १८ ते ५९ होतं आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत तुमचं नाव असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार तहसीलला विचारा. ‘कमावती’ या शब्दावर अडवतील. ती मजुरीला जात होती का? जात असेल तर तिने ज्यांच्याकडे काम केलं त्यांचा जबाब आणि रोजगार हमीचं जॉब कार्ड बरोबर न्या.

अंगणवाडीत धाकटीचं नाव घातलं नसेल तर घाला. मोठीचा बोनाफाईड काढताना शाळेत मुलीच्या नावाची नोंद पाहून घ्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांना आधी आईचं नाव, मग वडिलांचं असं लावतात. मोठीला तो नियम लागत नाही, पण आईचं नाव दाखल्यावर आणि मृत्यूच्या दाखल्यावर एकसारखं असलं पाहिजे. एका ठिकाणी माहेरचं आणि एका ठिकाणी सासरचं असेल तर अर्ज तिथंच अडकतो, आणि तो का अडकला हे तुम्हाला सहा महिने कुणी सांगत नाही. फोटो काढताना दोघी मुली आणि तुम्ही, मागे घराचं दार दिसू द्या. अर्ज दिल्यावर पोच मागा. तारखेचा शिक्का नसेल तर खिडकीवरून हलू नका.